मशीनवरचा नंबर

शनिवार, १५ मार्च. हाटकेशमधल्या एका बॅडमिंटन हॉलमध्ये कोल्ड्रिंकच्या कॅनचं व्हेंडिंग मशीन बसवलं. सकाळी टेम्पो आला, संध्याकाळी मशीन सुरू झालं. दिवसभराचं काम एवढंच.

मशीन माझं नाही. माझ्या बायकोने, सुनीताने, बुक केलं होतं. शांती नगरला एका क्लासच्या जिन्याखाली तिचं एक मशीन आधीपासून चालू आहे, हे दुसरं. ते यायच्या आधीच ती गेली... दिवाळीनंतर, साध्या तापाचं निमित्त झालं.

डीलरने फोन करून विचारलं, ऑर्डर कॅन्सल करू का? मी हो म्हणणार होतो. मी ऑफिसात बसून काम करणारा माणूस, मला यातलं काही कळत नाही. पण तोंडातून "पाठवा" असं गेलं.

हॉलचे मॅनेजर भले गृहस्थ. म्हणाले, जागा मॅडमसाठी ठेवली आहे, पण रविवारी मुलांच्या मॅचेस आहेत. तोपर्यंत मशीन चाललं नाही तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. ही जागा मिळावी म्हणून ती किती वेळा इथे येऊन बसली होती, ते मला माहीत आहे.

मदतीला दिनेश आला, सुनीताचा धाकटा भाऊ. मुर्ध्याला राहतो, मासळीचा धंदा आहे. ती गेल्यापासून आम्ही दोघं नीट बोललो नव्हतो. तो टाळत होता, मीही टाळत होतो.

मशीन टेम्पोतून आडवं आलं होतं. त्यामुळे काही तास उभं ठेवून मगच स्विच लावा, असं टेक्निशियनने फोनवर बजावलं होतं. तोवर पायांचे स्क्रू फिरवून आम्ही ते सरळ केलं. मग मी किमती सेट करत बसलो आणि दिनेशने कॅन भरले.

लाइट लागले. बटन दाबलं, कॅन धाडकन खाली पडला... पण कोमट. बराच वेळ थांबून पुन्हा काढला. तोही कोमट.

टेक्निशियनला परत फोन लावला. कंप्रेसर चालू आहे? आहे. पंखा फिरतोय? आवाज तरी येतोय. "फिर मंगल को आके देखता हूँ," तो म्हणाला. मंगळवार म्हणजे जागा गेलीच.

मी गुडघ्यावर बसून आत हात घातला. वर सगळं कोमट, आणि खाली तळाला बर्फासारखं गार. दिनेशने उरलेले सगळे कॅन तळाशी, पंख्यासमोर, एकावर एक गच्च बसवले होते. बोट जाईल एवढीही जागा नव्हती.

"अरे, हे काय केलंस?"

"जागा सोडाची न्हाय, भावजी. पेटीत पोकळी रायली का बर्फ जातो, नि म्हावरा पन जातो. आमचा आसाच हाय."

फोन स्पीकरवर होता. टेक्निशियन ओरडला, "अरे भाई, मछली नहीं है वो! हवा को ऊपर जाने दो!"

दिनेश हसला. मीही हसलो. दिवाळीनंतर बहुतेक पहिल्यांदाच.

तो वाकून एकेक कॅन बाहेर काढायला लागला. "ताय आसती तं मना लय शिव्या घातल्या आसत्या," म्हणाला. कॅन संपले तरी त्याने डोकं बाहेर काढलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, हवा येते का बघतोय... त्याला बघू दिलं.

संध्याकाळपर्यंत कॅन गार यायला लागले. शेवटचं काम उरलं, स्टिकर. सुनीताने ऑर्डर देतानाच छापून घेतला होता. 'अडचण आल्यास सुनीता मॅडमना फोन करा', आणि खाली तिचा नंबर.

मॅनेजर हळूच म्हणाले, नवीन छापून आणा, घाई नाही. दिनेश माझ्याकडे बघत होता. तिचा नंबर मी बंद केलेला नाही, दर महिन्याला रिचार्ज करतो... हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मी स्टिकर लावला. जरा तिरका लागला.

त्या फोनवर अजून फोन येतात. कुरिअरवाले, बँकवाले, एखादी जुनी ओळख. प्रत्येकाला सांगावं लागतं. मग पलीकडचा माणूस सॉरी म्हणत राहतो, आणि मीच त्याला "असू दे" म्हणतो.

काल, रविवारी दुपारी तो वाजला. एका मुलीचा आवाज. "सुनीता आंटी हैं क्या? जीरा सोडा अटक गया है, नीचे नहीं आ रहा."

"हाँ बेटा," मी म्हणालो. "आंटी के घर से बोल रहा हूँ. अभी आता हूँ."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी तिच्यासाठी फोन केला आणि ती नाही, असं मला सांगावं लागलं नाही. त्या मुलीला हे कधी कळणार नाही. तिचे आभार इथेच मानतो. दिनेशचेही... त्याला तोंडावर म्हणता येत नाही.

हॉलवर पोचलो तेव्हा मुलीची मॅच सुरू झाली होती. दार उघडलं, तिरपा झालेला कॅन सोडवला आणि तिच्यासाठी मॅनेजरांकडे ठेवला. दार लावून टेस्टला एक बटन दाबलं, कॅन नीट खाली आला. बाहेरच्या बाकावर बसून तो उघडला आणि प्यायलो.