लूर्डसनं द्यायला लावलेला नमुना

वाकोल्याच्या गावठाणात लूर्डसला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. कुणाकडे लग्न असो की मयत, बाई सगळ्यांच्या आधी हजर आणि हुकूम सोडायला मोकळी. लोक ऐकायचेही बिचारे. त्या सवयीनंच तिची वाट लागली.

थोरल्या मुलाच्या, मेलरॉयच्या, लग्नाची आदली संध्याकाळ होती. नवरदेवाला न्हाऊ घालायचं उंबराचं पाणी आणायला बायका बँड लावून विहिरीकडे निघालेल्या. नव्या टॉवरच्या वॉचमननं आवाजावरून वाट अडवली, धक्काबुक्की झाली, तो पडला आणि त्याचं डोकं फुटलं. नेमका पुढे होता धाकटा ग्लेनरॉय. पोलिसांनी त्यालाच उचललं.

पोलीस स्टेशनात फोटो झाला, बोटांचे ठसे झाले. मग म्हणाले, डीएनएसाठी गालाच्या आतून कापूस फिरवायचाय. ग्लेनरॉय अडून बसला. त्याची मामेबहीण जोॲन वकील. तीही सांगत होती, एवढ्याशा मारामारीत याला नाही म्हणता येतं, जामीन सकाळी बघू. पण सकाळी तर चर्चमध्ये लग्नाची मिसा! नवरदेवाचा भाऊ कोठडीत आणि पाहुणे देवळात, हे लूर्डसला कसं सोसणार? अधिकारी सभ्य होता. निर्दोष माणसाला याचा फायदाच होतो, म्हणाला. लूर्डसला ते कन्फेशनसारखं वाटलं. जन्मभर तिनं हेच केलेलं, काही न लपवता सगळं सांगायचं आणि कोरं होऊन घरी यायचं. पोलीस म्हणजे फादर नव्हेत, हे त्या भोळीला कोण सांगणार?

"देऊन टाक, बाळा. आपल्यात लपवायसारखं काय आहे?" ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे बघत कापसासाठी तोंड उघडलं.

लग्न झकास झालं. वॉचमनशी समझोता होऊन केसही मिटली. पण पुढे वस्तीत घरफोडी झाली आणि रेकॉर्डवर नाव म्हणून पोलिसांची जीप ग्लेनरॉयच्या दारात. घरफोडीच्या जागी सापडलेल्या रक्ताशी त्याचा नमुना जुळला नाही, म्हणून संध्याकाळी सोडलं. अधिकारी खोटं बोलला नव्हता. फक्त जीप सगळ्यांनी पाहिली, सोडलेलं कुणी पाहिलं नाही. तो ज्या शाळेत फुटबॉल शिकवायचा, तिथून निरोप आला, सध्या येऊ नका. नमुना नष्ट केला का, हे विचारायला लूर्डसनं स्वतः पोलीस स्टेशनात किती खेपा घातल्या! कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना.

ग्लेनरॉय बायकोला, लिओनाला, घेऊन बोरिवलीला राहायला गेला. भांडला नाही की काही नाही. नुसता यायचा बंद झाला.

नात झाली तेव्हा लूर्डसच गेली. पोरीला मांडीवर घेतलं आणि तिचा ऊर भरून आला.

"नाक बघ रे, अगदी माझं."

ग्लेनरॉय दुपटं घडी करत होता. रागावून बोलला असता तर तिनं ऐकून घेतलं असतं. तो शांतपणे बोलला.

"हो ना, मम्मी. तुझ्यातलं माझ्यात, माझ्यातलं हिच्यात. त्या दिवशी तू एकट्या माझाच नमुना देऊन टाकला नाहीस."

माझं चुकलं, एवढं लूर्डसला म्हणायचं होतं. तेही जमलं नाही. तिनं पोर लिओनाच्या हातात दिली आणि चपला शोधायला लागली.