हौदावरचा सुभेदार

घरात कुणी लढाईची गोष्ट सांगा म्हटलं की मी हीच सांगतो. फौजेतली माझी सगळ्यात ठळक कामगिरी हीच. मी एका जिवंत कासवाला दगड समजून चुना फासला.

ब्रह्मदेशाची लढाई चालू होती. मी भिंगारच्या छावणीत, गाड्यांच्या शेडवर शिपाई. शेडमागं आगीसाठी पाण्याचा हौद होता. त्यात कोल्हारच्या लान्स नाईक दानियलनं प्रवरेतून आणलेलं ताटलीएवढं कासव होतं. बाहेर येऊन उन्हात बसायला त्यानं फळीही लावून दिली होती. कुणासाठी घाई करत नाही म्हणून कासवाचं नाव सुभेदार. आघाडीवर जायचा हुकूम आला तेव्हा ट्रकमध्ये चढता चढता दानियल एवढंच म्हणाला, "मी यीपर्यंत जिता ठेव त्याला. आलो की नदीत सोडू."

तीन आठवड्यांनी इन्स्पेक्शन लागलं. हवालदारांचा हुकूम, सातच्या आत रस्त्याकडेचा प्रत्येक दगड पांढरा पाहिजे. पहाटे पाचला, धुक्यात, मी बादली आणि कुंचा घेऊन निघालो. सुभेदार फळीवरून उतरून, मान-पाय आत घेऊन दगडांच्या रांगेत बसला होता. त्याला मी दोन हात दिले. चांगले दिले.

साडेआठला कॅप्टनसाहेब आले. रांगेतला एक दगड उठला आणि त्यांच्या बुटासमोरून रस्ता ओलांडू लागला.

"हवालदार, हा कुठं निघाला?"

हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. सात दिवस जादा फटीग, म्हणजे शिक्षेची अंगमेहनत, मिळाली. योग्यच होती.

हसणं संध्याकाळपर्यंतच टिकलं. धुऊन काढला तरी चुन्यानं सुभेदारचे दोन्ही डोळे सुजून मिटले. दिसेना म्हणून तो खाईना. दानियलला काय सांगणार होतो मी?

रोज काम संपलं की हौदावर जायचो. पहिल्या दिवशी त्याला शेपटीला धरून उचललं, तर त्यानं नखांनी मनगट सोललं. तेव्हा कळलं, पुढच्या-मागच्या पायांच्या मधे कवच दोन्हीकडून धरायचं आणि खाली तळहात द्यायचा. ओल्या फडक्यानं डोळे पुसायचे, पाण्यात धरायचं, मेसटिन, म्हणजे माझा जेवणाचा पत्र्याचा डबा, तीनदा वाजवायचा आणि गांडूळ तोंडाशी न्यायचं. दहा दिवस गांडुळं वाया गेली. अकराव्या दिवशी त्यानं गांडुळासकट माझं बोट धरलं. बढतीनंही एवढा आनंद झाला नसता. ती काही मिळाली नाही, म्हणून हे अंदाजानं सांगतो.

डोळे उघडले तरी मेसटिन वाजला की तो हौदाच्या पार टोकाहून यायचा आणि माझ्या तळहातावर बसायचा. दानियलला सगळं खरं खरं कळवलं. उत्तर आलं, "दगडाला माझा सलाम सांग." पुढं पत्र आलं नाही. पावसाळ्यात रोलकॉलला नाव वाचलं गेलं. लान्स नाईक दानियल, कामी आला.

लढाई संपली, डिस्चार्ज मिळाला. सुभेदारला ओल्या पोत्यात घेऊन मी कोल्हारला गेलो. दानियलची आई नदीपर्यंत आली. तिनं कुणी न शिकवता त्याला बरोबर धरलं. "जा बाबा," म्हणाली आणि पाण्यात सोडलं. सवयीनं मी मेसटिन बाहेर काढला होता. वाजवला नाही.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं आणि रिकाम्या मेसटिनवर बोटं वाजवत बसलो. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला, त्यात भाकरी ठेवली आणि म्हणाली,

"दोघांतलं एक तरी कोल्हारला पोचलं. जेवा आता."