शेजारची कबर

लग्न होऊन मी मुंबईला गेले, तरी मेलेल्यांच्या सणाला आगगाडीत बसून ठाण्याला माहेरी यायचे म्हणजे यायचेच. चाळीतली शेजारीण म्हणायची, "अगं, मातीपाशी जाऊन बसायचं, त्यासाठी एवढी धडपड?" मला राग यायचा. तिला काय सांगणार कपाळ! आमच्या वाडीतली निम्मी माणसं गिरणीत नाहीतर गोदीत गेलेली, शेतं दुसरेच कसणारे. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या देवळामागची दफनभूमी तेवढी जागची हलली नव्हती. तिथे गेलं की आपण कुणाचे ते कळायचं.

माझे वडील पटकीच्या साथीत गेले, तेव्हा मी परकरात होते. त्याच आठवड्यात खाडीवरच्या एका कोळणीचा नवराही गेला. दोघांच्या कबरी शेजारी शेजारी. आमचे क्रूस लाकडाचे, पावसाळा ते खाऊन टाकायचा. म्हणून सणाच्या आधी घरोघरचे लोक नवा क्रूस रोवायचे, माती सारखी करायचे, झेंडू वाहून मेणबत्त्या लावायचे. आई कबरीवर हात ठेवून वडिलांशी बोलत बसायची. भात कसं पिकलं, गाय कधी व्याली, पोरीचं सासर कसं आहे, सगळं सांगायची.

शेजारच्या कबरीशी ती कोळीण बसलेली असायची. तिचा आवाज मोठा, टोपलीला मासळीचा वास. ती नवऱ्याला बोंबलाचे भाव सांगायची. आई नाक मुरडून मला म्हणायची, "मेल्यावर तरी बिचाऱ्याला निवांत पडू दे म्हणावं!" कोळणीला ते ऐकू जायचं. एरवी बाजारात कुणाचं एक ऐकून न घेणारी ती बाई आईला मात्र उलटून बोलली नाही.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचा एकच घोष होता. "मला तुझ्या बापाजवळच ठेव. दुसरीकडं कुठं नको." आमच्यात जुनी कबर उघडून त्याच घरच्या माणसाला तिथे पुरतात. मी शब्द दिला आणि ती शांतपणे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं कबर उघडायला लागली. दोन कुदळी पडल्या असतील नसतील, तोच कोळीण धापा टाकत आली. "थांबा रं! खनू नका! तिथं माजा दादला निजलाय!"

माझं डोकंच फिरलं. "मावशी, आज तरी भांडू नका हो," मी म्हटलं.

"भांडत नाय गो पोरी. डोईकडची माती काढ, जाल्याचा दगड गावंल. मीच पुरलाय."

वीतभर मातीखाली भोक पाडलेला दगड निघाला. कोळी जाळ्याला बांधतात तसला. आई जन्मभर कुणाशी बोलत होती?

मग तिने सांगितलं. फार वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात खाडीचं पाणी आत शिरलं आणि सगळे क्रूस वाहून गेले. सणाला आई आधी आली आणि तिने आमचा नवा क्रूस चुकून कोळणीच्या नवऱ्यावर रोवला. कोळीण मासळी विकून येते, तो आई तिथे रडत बसलेली. "नवरा गेल्यापासून तिला रडताना कुनी बगितली नवती. आज कुटं मोकली झाली, तिला कशी उटवू? मंग मी माजा क्रूस तुज्या बापावर रोवला. दरसाल मनायचं, आता सांगन, आता सांगन. राहूनच गेलं."

म्हणजे इतकी वर्षं माझ्या बापाची माती हिने सारखी केली होती, त्याच्यासाठी मेणबत्ती लावली होती, आणि वर आईचे टोमणे खाल्ले होते. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "अगो, सोड," म्हणाली, "आदी आयेला नीट ठेव."

आईला वडिलांजवळ ठेवलं. क्रूस अदलाबदल करून ज्याच्या त्याच्या जागी रोवले. माणसं पांगली, तरी कोळीण आपल्या नवऱ्याच्या कबरीशी नुसती बसून होती.

"काय झालं मावशी?"

"काय बोलू गो याच्याशी? इतक्या वरसांत तुज्या बापाचीच सवय झाली."

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "तुमच्या नवऱ्याला आमच्या घरचं सगळं ठाऊक आहे. आईने एक गोष्ट सांगायची ठेवली नाही. आता तुमचंच तेवढं सांगायचं राहिलंय."

ती पदराने डोळे पुसत हसली. मग मातीवर हात ठेवला आणि त्याच मोठ्या आवाजात बोंबलाचे भाव सांगायला लागली.