चाखण्यापुरतं बिस्किट

बेकरीत डब्याच्या तळाशी चुरा साठतो. रोज डबा उपडा केला तरी कोपऱ्यात थोडा राहतोच. आमच्या जाफराबादच्या बेकरीतले किस्सेही तसेच साठलेत. बेकरी हमीद उस्तादांची. मी त्यांच्या हाताखाली पंचवीस वर्षं पीठ मळलं, भट्टी सांभाळली. बोलायला मी सावकाश आहे, म्हणून त्यातले थोडेच सांगतो.

०

दिवाळी किंवा ईद जवळ आली की गावातल्या बायका घरून रवा, मैदा, तूप, साखर घेऊन यायच्या आणि आमच्याकडून नानखटाई करून न्यायच्या. आपल्या तुपावर त्यांचा भारी पहारा. ट्रे बदलला जाऊ नये म्हणून बाकावर बसून राहायच्या. एकदा गुरुजींच्या घरच्या मालतीताईंनी कच्च्या नानखटाईवर आपला अंगठा उमटवला. एकेकीवर, अख्ख्या ट्रेभर.

भट्टीत नानखटाई फुगली, पसरली आणि अंगठे गायब झाले. ताई म्हणाल्या, "हा माझा ट्रे न्हाई."

उस्ताद म्हणाले, "ताई, ट्रे तुमचाच हाय. पण भट्टी आमच्यासारखीच अडाणी. सही वाचता येईना, मंग तिनं पुसून टाकली."

ताईंनी एक नानखटाई उचलून हुंगली. आपलं तूप ओळखलं आणि डबा भरायला घेतला.

०

उस्तादांचं माप हाताचं आणि खात्री जिभेची. घाण्यातली एक नानखटाई चाखल्याशिवाय ते डब्याला झाकण लावू द्यायचे नाहीत.

पुढं, दोन हजार साल उलटून गेल्यावर, त्यांच्या पायाची जखम भरेना. मी त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेलो. शुगर निघाली.

डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला बिस्किटं किती खाता?"

"बिलकुल न्हाई साहेब. मी फक्त चाखतो."

"किती चाखता?"

"घाण्यामागं एक."

"आणि घाणे किती निघतात?"

उस्ताद छताकडं बघायला लागले. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "सणासुदीला आम्ही मोजत न्हाई."

०

चाखायचं बंद झालं. ते काम माझ्याकडं आलं. उस्ताद विचारायचे, "कसं झालंय?" मी चावायचो, विचार करायचो, पुन्हा चावायचो.

"किसन, जल्दी बोल. तुझं उत्तर येईपर्यंत पुढचा घाणा जळून राह्यला."

आणि तो खरंच जळलेला असायचा.

आठवड्याभरात उस्तादांनी बेकरीत येणंच सोडलं. मी बेकरीमागच्या त्यांच्या घरी गेलो तर म्हणाले, "चाखता येत न्हाई तर तिथं येऊन काय करू? हात शेकत बसू?"

पंधरा दिवसांनी उस्तादांची बायको, आमच्या भाभी, बेकरीत आल्या. त्या कधी यायच्या नाहीत. म्हणाल्या, "किसनभाऊ, दिवसभर खिडकीत बसून राह्यलेत. अर्धं जेवण ताटात ठेवतात. पहिले माझ्या भाकरीला नावं ठेवायचे, आता तेही करत न्हाईत. कसंही करा, पण त्यांना भट्टीवर परत न्या."

भाकरीला नावं ठेवत नाहीत म्हटल्यावर मी घाबरलो.

०

त्यांची मुलगी नसीम औरंगाबादला नर्स होती. तिनं कागदावर एक कृती लिहून पाठवली. मैदा नाही, साखर नाही. बदामाचं पीठ, शेंगदाण्याचं लोणी आणि एक अंडं. कागद मराठीत. भाभींना वाचता येतं ते उर्दू, म्हणून तो अक्षर अक्षर लावत मीच वाचला. वाचून होईपर्यंत भाभींचा चहा गार झाला.

शेंगदाण्याचं लोणी म्हणजे भाजलेले शेंगदाणे तेल सुटेपर्यंत वाटायचे. भाभींच्या मिक्सरला आधी वास आला, मग तो बंदच पडला. उरलेलं आम्ही पाट्यावर वाटलं.

बदाम आणायला मी किराणा दुकानात गेलो. दुकानदारानं मला खालीवर बघितलं. "किसनराव, घरात पहिलवान तयार करून राह्यले का?"

"हो," म्हणालो. "सत्तरीचा हाय."

०

गोडीसाठी मेडिकलमधून साखरेऐवजी घ्यायच्या गोळ्या आणल्या आणि कुटून टाकल्या. भट्टीच्या आचेनं त्यांची गोडी पार उडून गेली. दुसऱ्या प्रकारच्या आणल्या तर बिस्किट कडू लागलं. भाभींनी एक तुकडा खाल्ला. "किसनभाऊ, हे खाऊन शुगर तर पळेल, पण तिच्या मागं माणूसही पळेल."

मग गोळ्या सोडल्या. शेंगदाणा जरा खरपूस भाजला आणि चिमूटभर मीठ घातलं. चव जमली, पण बिस्किट उचललं की चुरा. चार घाणे चुरा. मैदा नाही म्हणून हे असंच होणार, असं मी धरून चाललो.

पाचव्या घाण्याचा ट्रे बाहेर काढला आणि भाभींनी चहाला हाक मारली. चहा पिऊन, दोन गोष्टी बोलून परत आलो. बिस्किट उचललं तर अख्खं हातात आलं.

तुटतंय का हे बघायच्या घाईत मी दर वेळी ते गरमच उचलत होतो. आयुष्यात एकदाच घाई केली, तीही इथं.

०

शुक्रवारी नमाज झाल्यावर भाभींनी उस्तादांना बेकरीत पाठवलं. त्यांना सर्दी झाली होती. नाक गच्च बंद, हातात रुमाल. दारातच उभे राहिले. मी बशीत नवं बिस्किट दिलं.

त्यांनी ते मोडून बघितलं. मग बराच वेळ चावलं.

"ही नानखटाई न्हाई."

"न्हाई," मी म्हणालो.

"पण बिस्किट हाय."

एवढ्यात नेहमीच्या नानखटाईचा घाणा झाला. मी ट्रे ओट्यावर ठेवला. उस्ताद आत आले. त्यांनी एक नानखटाई निवू दिली, मोडली आणि अर्धी माझ्या तोंडात घातली. स्वतः बदामाच्या बिस्किटाचा तुकडा घेतला. मी चावत होतो, तेही डोळे मिटून चावत होते.

"किसन, विलायची कमी टाकली."

विलायची त्या दिवशी सकाळीच संपत आली होती. मी हात आखडून टाकली होती आणि हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

"पुढच्या घाण्याला बराबर टाक," उस्ताद म्हणाले, आणि बशीतलं दुसरं बिस्किट घेऊन भट्टीसमोरच्या आपल्या स्टुलावर बसले.