तळहाताएवढी अमेरिका

वडिवळ्याच्या नंदाबाईंनी आयुष्यभर गोधड्या शिवल्या. गावात त्यांनी शिवलेली गोधडी नाही असं घर सापडणं कठीण. पण दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा धरला आणि डॉक्टरांनी जड गोधडी ओढायला मनाई केली. तेव्हापासून त्या जुनेराच्या गाठोड्याकडं पाठ करूनच बसायच्या.

त्यांची सून राजेश्वरी कामशेतच्या शाळेत इतिहास शिकवते. तिनं एकदा मोबाइलवर त्यांना इवल्याशा गोधड्या दाखवल्या.

"बाहुलीच्या हायत का?"

"अमेरिकेतल्या आहेत, आई. जुन्या काळी तिथल्या बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. तशाच, पण छोट्या, आता हौसेनं करतात. ही बघा, मधला लाल चौकोन म्हणजे घरातला जाळ आणि भोवतीच्या पट्ट्या म्हणजे लाकडी ओंडक्यांच्या भिंती."

"म्हंजी चूल मधी आन् घर भवती," नंदाबाई म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत तळहाताएवढं घर शिवून तयार होतं. खांदा दुखला नाही.

मग त्यांना नादच लागला. सून रात्री जेवताना अमेरिकेच्या इतिहासातली गोष्ट सांगायची, सासू सकाळी ती शिवायला घ्यायची. इंग्लंडच्या राजाच्या करावर चिडून लोकांनी जहाजातला चहा समुद्रात फेकला, हे ऐकून त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "येवढा चहा? साखर तरी ठिवली का?" चहासाठी त्यांनी स्वतःचं विटकं तपकिरी पोलकं कापलं.

पुढं पश्चिमेकडं जमिनी शोधत निघालेल्या बैलगाड्यांची गोधडी झाली. ती हातात घेऊन डोंगरावरच्या ठाकरवाडीच्या भागूबाई बराच वेळ बघत राहिल्या. त्या नंदाबाईंच्या जुन्या मैत्रीण, करटुली घेऊन आल्या होत्या.

"ही मानसं चालली, तितं आधी कुनी ऱ्हात न्हवतं व्हय?"

राजेश्वरी म्हणाली, "राहत होते, मावशी. डोंगरात, रानात, नदीकाठी. त्यांच्या जमिनी गेल्या."

नंदाबाईंनी सुई घेतली, गाड्यांच्या पुढचा मोकळा तुकडा उसवला आणि गोधडी मैत्रिणीपुढं ठेवली. "तूच शीव. तुला ठावं."

भागूबाईंनी आपल्या हिरव्या लुगड्याचा डोंगर केला, त्याच्या पायथ्याला झोपड्या आणि झोपड्यांसमोर उभी माणसं. टाके लांब, वाकडे पडले. नंदाबाईंनी त्यातला एकही बदलला नाही.

शाळेच्या प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी त्याच गोधडीपुढं झाली. भागूबाई नवं लुगडं नेसून शेजारी उभ्या होत्या, येईल त्याला सांगत होत्या, "गाड्या हिच्या. मानसं माजी."

परतताना जीपमध्ये राजेश्वरीनं पुढची गोष्ट काढली. अमेरिकेत दोन्ही टोकांकडून रेल्वेचे रूळ टाकत आले आणि मधे जोडले.

"डोंगर फोडून? आपल्या खंडाळ्यावानी?" नंदाबाईंनी विचारलं.

"हो, बोगदेही खणले."

"मग बोगदा माजा," भागूबाई म्हणाल्या. "काळं कापड हाय माज्याकडं."

"आन् गाडी?"

"ती तू शीव. सरळ टाके तुलाच येत्यात."

दोघी हसायला लागल्या, ते कामशेत मागं पडलं तरी थांबेनात.