काठावरची शेरणी

माझ्या धाकट्या मुलीनं परवा फोनवर सांगितलं, की ती सध्या समुद्राकाठच्या खाजणातल्या गवताचा अभ्यास करते आहे. लाट आली की त्याच्या काड्या वाकतात, पाण्याचा जोर काड्यांमध्ये विरतो आणि गाळ मुळांपाशी बसतो. कोल्हापूरला समुद्र नाही, पण हेच काम नदीकाठी करणारं एक झुडूप मी पाहिलं आहे. त्याच्यापायी घरात रक्त सांडलेलंही पाहिलं आहे. तुम्हा सगळ्यांसाठी ते नीट लिहिते.

माझं माहेर शाहूवाडीकडचं. मोठा भाऊ गेल्यापासून वहिनी आणि माझा धाकटा भाऊ एकाच आवारात राहतात. धाकट्याचा म्हशींचा गोठा अगदी नदीच्या काठावर, आणि गोठ्याखाली खडकाळ उतारावर शेरणी माजलेली. शेरणी म्हणजे माणसाच्या उंचीचं झुडूप. पानं लांब नि अरुंद, काड्या बोटाएवढ्या, मुळं खडकाच्या भेगांत घुसलेली. काडी वाकवून टोक बुडख्याला टेकवा, मोडत नाही.

एका उन्हाळ्यात मी तिथे गेले होते. उसाला जागा वाढवायची म्हणून धाकट्यानं जेसीबी आणला. चालक परप्रांतीय, त्याला मराठी येत नव्हतं. गोठ्याखालचा उतार त्यानं उपटून साफ केला. मशीन शेजारच्या, वहिनीच्या बाजूला वळलं तशी वहिनी धावत येऊन आडवी उभी राहिली.

"भावजी, काठ ढासळंल. गोठा जाईल की तुमचा!"

"वैनी, बाजूला व्हा! झुडपाला कवटाळून बसायला ते काय तुमचं माहेर हाय?"

वहिनीनं ढेकूळ उचलून मशीनच्या काचेवर हाणलं. धाकट्यानं तिला ढकललं. ती दगडावर आपटली, कपाळ फुटलं. मी ओरडले, पण माझं कोण ऐकतो? रक्त पुसत वहिनी उठली आणि चालकावर कडाडली, "शेरणी हाय ती! हात लावलास तर जित्ता जाणार न्हाईस!"

चालकाचा हात थबकला. "शेरनी? किधर?"

त्याच आठवड्यात पलीकडच्या वाडीत बिबट्यानं कुत्रं नेलं होतं. धाकटा त्याला आपल्या हिंदीत समजावू लागला, "अरं बाबा, शेरनी कुछ नहीं करती! पानी के पास खाली खडी रहती है!"

चालकानं काच वर केली आणि मशीन मागे घेत थेट रस्ता गाठला. कपाळाला पदर दाबून वहिनी हसत होती. धाकट्याला मात्र हसू आलं नाही. दुसरं मशीन मिळेपर्यंत पाऊस लागला.

पावसाळ्यात मी पुन्हा माहेरी गेले आणि पुरात रस्ते बंद झाल्यानं तिथेच अडकले. नदी तांबडी होऊन गुरगुरत होती. अख्खी झाडं, पत्रे, मेलेली शेळी, सगळं वाहत होतं. वहिनीच्या बाजूची शेरणी पाण्यानं पार आडवी पाडली. काड्या प्रवाहाच्या दिशेनं निजल्या, पानं मिटली, आणि त्या चटईखालची माती जागची हलली नाही. गोठ्याशेजारी धाकट्यानं हौसेनं लावलेलं निलगिरीचं झाड ताठ उभं होतं. ते मुळासकट उखडलं आणि जाताना काठाचा मोठा लचका घेऊन गेलं.

गोठा आता अधांतरी होता. धाकटा आत घुसला. त्यानं एका म्हशीचं दावं कापून तिला बाहेर हाकललं. दुसरीचं दावं कापत असताना काठ खचला आणि गोठा, म्हैस, भाऊ एकदमच पाण्यात गेले. म्हशीचं हंबरणं माझ्या कानांतून अजून जात नाही.

पाण्यानं त्याला वहिनीच्या बाजूला फेकलं. त्यानं शेरणीच्या काड्या दोन्ही मुठींत धरल्या. नदी त्याला ओढत होती, काड्या ताणल्या जात होत्या, पण तुटत नव्हत्या. वहिनी पालथी पडून सरकत गेली आणि तिनं त्याची मनगटं पकडली. मी तिचे पाय धरले. त्याला वर घेतलं तेव्हा त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती.

"सोडा म्हणत हुतो वैनी," तो कण्हत म्हणाला, "तुमीबी गेला असता."

"गप पडा! उन्हाळ्यातलं ढकलणं फेडायचंय अजून तुमाला."

पाणी ओसरलं, काड्या हळूहळू उठल्या. धाकट्याच्या काठाला मोठी खिंड पडली होती. चिखल उपसायला जेसीबी आला, चालक तोच. त्यानं खाली उतरायच्या आधी काच जराशी उघडून विचारलं, "शेरनी गयी क्या?"

हाताला फडकी बांधलेला धाकटा खचलेल्या उतारावर शेरणीच्या काड्या खोचत होता. मान वर न करता म्हणाला, "न्हाय गेली. हितंच हाय. जपून चालव."