आम्हांला गोड लागलेली पेज

"खोबऱ्याचा तुकडा चघळायला दिलास की नाही, खरं सांग," मी ओरडलो. दवाखान्याच्या बाकावर सात-आठ माणसं बसली होती. सगळी वळून बघायला लागली.

समोर शालन उभी होती. वय एकोणीस-वीस. तिच्या सासूबाईंच्या मांडीवर तिचा सात महिन्यांचा मुलगा. ओठ सुजलेले, हनुवटीपर्यंत कातडी लाल. चमचा नुसता दिसला तरी तो रडत होता. पंधरा दिवसांपूर्वी चौदा पौंड भरलेलं बाळ आज तेरावर आलं होतं.

गोष्ट त्रेपन्न-चोपन्न सालची. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझी प्रॅक्टिस नुकती बसत होती. शालनचं अंगावरचं दूध कमी पडत होतं आणि म्हशीचं बाळाला पचेना. म्हणून मी वीनिंग सुरू केलं होतं. वीनिंग म्हणजे आईच्या दुधाला हळूहळू वरच्या अन्नाची जोड देणं. भाताच्या पातळ पेजेत ओल्या नारळाचं दूध घालायला सांगितलं. पद्धतही नीट सांगितली. नारळ ताजा हवा, वाटून स्वच्छ फडक्यातून गाळायचा, पहिल्या दिवशी एकच चमचा. मग तीन-चार दिवस दुसरं नवीन काही द्यायचं नाही, म्हणजे पुरळ आलं किंवा पोट बिघडलं तर कशानं ते कळतं. आणि तुकडा हातात अजिबात द्यायचा नाही, ओठ-हिरड्या सोलतो, घशात अडकतो. हे मी दोनदा बजावलं होतं, कारण दात येणाऱ्या पोराच्या हातात प्रसादाचं खोबरं द्यायची आपल्याकडे जुनी सवय.

"न्हाय वो डाक्टर. तुकडा न्हाय दिला. अंबाबाईची आण," शालन म्हणाली.

"मग तोंड असं कशानं झालं?"

"त्येच तर इचारायला आलोय की."

हे मला उलट उत्तर वाटलं. मी त्यांनी सोबत आणलेला पेजेचा डबा उघडायला लावला आणि बोट बुडवून चाखली. ताजी होती, गोड होती.

"आमी बी रोज चाखूनच देतो की," सासूबाई म्हणाल्या. "ग्वाड हाय."

पेज चांगली, मग पोरगीच खोटं बोलतेय. माझा निकाल तयार. मी म्हटलं, "मावशी, उद्यापासून बाळाला तुम्ही भरवायचं. हिच्यावर सोडू नका." शालनने मान खाली घातली. मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आठ दिवसांनी तिघं पुन्हा आली. वजन आणखी अर्धा पौंड कमी. आता बाळाचं ढुंगणही लाल झालं होतं.

"सोताच्या हातानं भरवतोय डाक्टर," सासूबाई रडकुंडीला आल्या होत्या. "तरी बी आसंच."

आता तुकड्याचा संशय घ्यायला जागा नव्हती. मग मला ॲलर्जी आठवली. ॲलर्जी म्हणजे चारचौघांना चालणारं अन्न एखाद्याच्या शरीराला न सोसणं. शब्द नवा होता, वापरायची हौस होती. मी केसपेपरवर 'नारळ कायम बंद' असं लिहायला घेतलं.

तेवढ्यात आमच्या नर्स सुलोचनाबाईंनी डब्यातली पेज चाखली आणि त्यांना ठसका लागला. त्यांना पोटाचा अल्सर होता. सहा महिने मीच त्यांचं तिखट बंद करून दूधभातावर ठेवलं होतं.

"डॉक्टर, ही तिखट आहे."

"काहीतरीच. मी चाखलीय की."

"काल काय जेवलात तुम्ही?"

तांबडा रस्सा जेवलो होतो. सुलोचनाबाई सासूबाईंकडे वळल्या.

"मावशी, नारळ कशावर वाटता?"

"पाट्यावर. धून घेतो की चांगला."

"त्याच्यावर आणखी काय वाटता?"

"मिरची, मसाला. आनि काय वाटनार?"

पाट्याला टाकी लावलेली असते, म्हणजे छिन्नीने बारीक खाचा पाडलेल्या असतात. त्यांत मुरलेली मिरची नुसत्या पाण्याने जात नाही. नारळासोबत ती रोज थोडी थोडी पेजेत उतरत होती. सासूबाईंची जीभ तिखटावर पोसलेली, माझीही तीच. आम्हां दोघांना पेज गोडच लागली. सात महिन्यांचं पोर मात्र रडून सांगत होतं आणि त्याची आई तोंडाने सांगत होती. दोघांचंही मी ऐकलं नव्हतं. पाटा वेगळा ठेवा, हे मीच सांगायचं विसरलो होतो. खरं तर ते मला सुचलंच नव्हतं.

तोंड बरं होईपर्यंत नारळ थांबवला. मग खवणीवर खोवून, कोमट पाण्यात कुस्करून, नव्या फडक्यातून गाळून पुन्हा एका चमच्यापासून सुरुवात केली. पुरळ नाही, रडणं नाही. पंधरा दिवसांत वजन चौदावर आलं.

"तुमच्या हाताला गुण हाय डाक्टर," सासूबाई बाकावरच्या लोकांकडे बघत म्हणाल्या. मी हसलो. ते हसणं आठवलं की आजही लाज वाटते.

शालन दाराशी उभी होती. तिने हळूच विचारलं, "आता म्या भरवलं तर चालंल न्हवं?"

मी तिला मनाई केली होती, आणि ती उठवायचं मला आठवलंही नव्हतं. इतके दिवस ती घरात बाजूला उभी राहून बघत होती.

"भरव ना," मी म्हटलं.

ती तिथेच खाली बसली. डबा उघडला, चमचा पुढे केला. बाळाने चमच्याकडे पाहिलं, तोंड आजीकडे फिरवलं आणि तिकडे आ केला.

तेव्हा मी बोललो, "मावशी, ही खोटं बोलली नव्हती. चूक माझी होती." इतकं हळू बोललो की सासूबाईंनी "काय म्हनला?" असं विचारलं. मग पुन्हा मोठ्याने बोलावं लागलं.

पुढे दवाखान्यात आलेली पेज सुलोचनाबाईच चाखत. आणि आई 'नाही दिलं' म्हणाली तर मी कागदावर 'नाही' असंच लिहू लागलो. बाळाला नारळ पंधरा दिवसांत सोसला. आईच्या हातून पुन्हा जेवायला त्याला किती दिवस लागले, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही.